‘कॅन्सर प्रत्येकाच्या अंगात असतोच’ म्हणे!

हा निरोप काही केल्या मरत नाही. कधी तो जॉन्स हॉपकिन्सच्या नावाने येतो, कधी परळच्या ‘एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या’ नावाने, आणि येतो तो बहुधा घरात कुणाचं तरी नुकतंच निदान झालेलं असताना. मजकूर ठरलेला. प्रत्येक माणसाच्या शरीरात कॅन्सरच्या पेशी असतातच, आयुष्यात सहा ते दहा वेळा त्या डोकं वर काढतात, प्रतिकारशक्ती चांगली असेल तर मरतात आणि नसेल तर ‘जाग्या होतात’. खाली उपायांची यादी: साखर आणि दूध बंद, गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळ, कोमट पाण्यात लिंबू सुरू. जॉन्स हॉपकिन्सने हा मजकूर आमचा नाही असं जाहीर केलं, वर त्यातले मुद्दे खोडून काढले, त्यालाही कित्येक वर्षं झाली. निरोप आपला फिरतोच आहे.

निव्वळ थाप असती तर सोडून देता आली असती. पण अलीकडे तिला एक शेपूट फुटलंय: ‘आता शास्त्रज्ञांनीही मान्य केलंय.’ शास्त्रज्ञांनी दाखवलंय ते निराळं आहे, या निरोपापेक्षा कितीतरी चमत्कारिक आहे, आणि त्याचा अर्थ जवळपास उलटा निघतो.

आपल्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी आहेत. दर विभाजनाला पेशीला सुमारे सहाशे कोटी अक्षरांचा डीएनए उतरवून काढावा लागतो आणि त्यात थोड्या चुका राहतातच. शिवाय ऊन, धूर आणि खुद्द पेशीतली रसायनं डीएनएला इजा करतात. प्रत्येक इजा नीट दुरुस्त होते असं नाही. असा कायमचा राहिलेला बदल म्हणजे उत्परिवर्तन. तो आईबापांकडून न येता आपल्याच एखाद्या पेशीत झाला असेल तर त्याला कायिक उत्परिवर्तन म्हणतात. एवढं शाळेच्या पुस्तकातही असतं.

पुस्तकात नसतं ते हे, की अशी उत्परिवर्तनं धडधाकट अवयवांत किती असतात. गाठींमधली मोजून झाली होती, कारण गाठ ही एकाच पेशीची प्रजा असते, लाखो पेशींत तोच बदल असतो, म्हणून तो सापडतो. निरोगी कातडीत मात्र प्रत्येक चिमुकल्या वस्तीचा बदल वेगळा असतो. मोठा तुकडा घेऊन तपासला तर सगळं एकमेकांत हरवून जातं. ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या इनिगो मार्टिन्कोरेना, फिल जोन्स, पीटर कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय काढला: तुकडेच बारीक घ्यायचे. डोळ्यांवर उतरलेली पापणीची जादा कातडी शस्त्रक्रियेत काढतात. चार जणांची अशी कातडी त्यांनी घेतली, तिचे २३४ बारीक तुकडे केले आणि कॅन्सरशी संबंधित ७४ जनुकं तपासली.

२०१५ साली ‘सायन्स’मध्ये आलेला निकाल वाचून त्या क्षेत्रातले लोकही चमकले. कॅन्सरला चालना देणारं किमान एक उत्परिवर्तन असलेल्या पेशींचं प्रमाण निघालं १८ ते ३२ टक्के. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांची, डोळ्यांना पूर्ण निरोगी दिसणारी कातडी होती ती. कॅन्सर कुठेही नव्हता.

कातडी उन्हात भाजते, तेव्हा तिचं एक वेळ समजू शकतं. म्हणून त्यांनी ऊन कधीच न पोचणारी जागा घेतली. २० ते ७५ वर्षं वयाच्या नऊ मृत अवयवदात्यांची अन्ननलिका. तिथल्या पेशींत विशीतच शेकड्यांनी उत्परिवर्तनं होती, म्हातारपणी एकेका पेशीत दोन हजारांहून जास्त. मध्यमवयापर्यंत अन्ननलिकेच्या अस्तराचा निम्म्याहून जास्त भाग अशा बदललेल्या पेशींच्या वसाहतींनी व्यापलेला. त्यातलं नॉच-१ नावाचं जनुक मध्यमवयीन आणि वृद्ध दात्यांच्या १२ ते ८० टक्के पेशींत बिघडलेलं होतं. हे २०१८ सालचं. पुढच्याच वर्षी क्योटोच्या सेइशी ओगावा यांच्या गटाला जपानी लोकांच्या अन्ननलिकेत असंच चित्र दिसलं. दारू आणि सिगारेट असणाऱ्यांत ते अधिक वेगाने पसरलेलं.

आता निरोप पाठवणारे काका म्हणतील, बघा, आम्ही हेच तर सांगत होतो.

हे सांगत नव्हता, काका. नॉच-१ निरोगी अन्ननलिकेत ८० टक्के पेशींपर्यंत बिघडलेलं सापडतं आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष गाठींमध्ये, ते बिघडलेलं असण्याचं प्रमाण आहे जेमतेम १० टक्के. निरोगी जागी जास्त, गाठीत कमी! हे जनुक बिघडलेल्या पेशी ‘झोपलेल्या कॅन्सरच्या पेशी’ असत्या, तर हा हिशोब उलटा दिसायला हवा होता. टीपी-५३ या जनुकाचं चित्र वेगळं: निरोगी अस्तरात ५ ते ३७ टक्के पेशींत, गाठींपैकी मात्र ९० टक्क्यांहून जास्तीत. म्हणजे कॅन्सरकडे जाणारी वाट बव्हंशी टीपी-५३ बिघडलेल्या पेशींतून जाते. पण तशा पेशीही तिथे खंडीभर असतात आणि बहुतेक माणसांना अन्ननलिकेचा कॅन्सर उभ्या जन्मात होत नाही.

मोठ्या आतड्यात आणखी गंमत आहे. पन्नाशी-साठीच्या माणसाच्या आतड्यातल्या सूक्ष्म ग्रंथींपैकी जेमतेम १ टक्क्यात चालना देणारं उत्परिवर्तन असतं. अन्ननलिकेच्या मानाने नगण्यच. तरी ज्या ब्रिटनमध्ये ही मोजणी झाली तिथे आतड्याचा कॅन्सर अन्ननलिकेच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त लोकांना होतो. ‘जितक्या बिघडलेल्या पेशी तितका कॅन्सर’ हे गणित इथेच कोसळतं.

मग कॅन्सरची पेशी म्हणायचं कशाला? पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर डीएनए वाचत बसत नाही. पेशींनी आपली रचना सोडली आहे का, अस्तराखालचं आधारपटल फोडून त्या खालच्या थरात घुसल्या आहेत का, हे तो बघतो. तिथून पुढे रक्तवाहिन्या ओढून घेणं, दूरच्या अवयवात जाऊन मुक्काम ठोकणं. बहुतेक गाठींना यासाठी एकच बिघाड पुरत नाही. हजारो गाठींचा डीएनए वाचून २०२० साली जो मोठा आंतरराष्ट्रीय ताळेबंद निघाला त्यात सरासरीने चार-पाच चालक बदल आढळले. याचा अंदाज डीएनए वाचता येण्याच्या कितीतरी आधी, १९५४ साली, पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल यांनी नुसत्या मृत्यूच्या आकड्यांवरून बांधला होता: कॅन्सरचं प्रमाण वयाच्या साधारण सहाव्या घातानुसार वाढतं, म्हणजे ओळीने अनेक टप्पे पार पडत असले पाहिजेत.

आणि हे टप्पे कुठे गाठले जातात? एका गर्दीत, जिथे जागेसाठी रोज चढाओढ चालू असते. १९७६ साली पीटर नॉवेल यांनी गाठीची वाढ ही पेशींमधली उत्क्रांतीच आहे असं मांडलं: बदल होतात, ज्याला फायदा होतो तो फोफावतो. नवं एवढंच कळलंय की ही उत्क्रांती गाठ होण्याची वाट बघत नाही, निरोगी अस्तरातही ती आयुष्यभर चालते. नॉच-१ बिघडलेली पेशी शेजारणीपेक्षा किंचित जास्त टिकते आणि तिची प्रजा शेजारचा बांध कोरत कोरत पुढे सरकते. पण काही वर्षांनी पलीकडचा शेजारीही तसाच बांधकोर निघतो, मग दोघांची हद्द तिथेच अडते. जोन्स यांच्या गटाने उंदरांच्या अन्ननलिकेत हेच होताना पाहिलं. २०२१ साली त्यांनी याहून पुढचं दाखवलं: कर्करोगकारक रसायन दिलेल्या उंदरांत सूक्ष्म गाठी उगवतात, आणि त्यातल्या बऱ्याच गाठींना आजूबाजूच्या बदललेल्या, पण गाठ न झालेल्या, पेशी रेटून अस्तराबाहेर घालवतात. निरोपाच्या भाषेत ज्या ‘कॅन्सरच्या पेशी’ त्याच इथे गाठ संपवत होत्या. हे उंदरांतलं आहे, माणसाच्या अन्ननलिकेत असं घडताना कुणी पाहिलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

‘जाग्या होतात’ या शब्दाकडे मात्र थोडं थांबून बघू, कारण त्यात कणभर तथ्य आहे आणि ते निरोपातल्या जागी नाही.

१९४०च्या दशकात ऑक्सफर्डला आयझॅक बेरेनब्लूम आणि फिलिप शुबिक उंदरांच्या पाठीवर प्रयोग करत होते. कर्करोगकारक रसायनाचा एकच हलका हात फिरवला: गाठी नाहीत. मग त्याच जागी आठवड्यांमागून आठवडे क्रोटन ऑइल, म्हणजे आपल्या जमालगोट्याचं तेल, लावत राहिले: गाठी आल्या. आधी तेल आणि मागून रसायन, असा क्रम उलटा केला तर नाही. रसायनानंतर कित्येक महिने थांबून तेल सुरू केलं तरीही गाठी आल्या. पहिल्या हाताने केलेला बदल पेशींत तसाच पडून राहिला होता. जमालगोट्याचं तेल डीएनए बदलत नाही. ते कातडीचा दाह करतं, पेशींना सतत वाढायला लावतं.

हा प्रयोग पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद होऊन पडून राहिला होता. २०२३ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वांटन यांच्या गटाने तो हवेच्या प्रदूषणासाठी जिवंत केला. निरोगी फुप्फुसाचे २९५ नमुने त्यांनी बारकाईने तपासले. १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआर आणि ५३ टक्क्यांत के-रॅस या जनुकांची, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये नेहमी सापडणारी, उत्परिवर्तनं मिळाली. ईजीएफआरचा कॅन्सर सिगारेट कधीच न ओढलेल्यांत, त्यातही आशियातल्या स्त्रियांत, जास्त दिसतो. उंदरांवरच्या प्रयोगांत धुळीच्या सूक्ष्म कणांनी, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो, नव्या उत्परिवर्तनांची संख्या वाढवली नाही. त्यांनी फुप्फुसात दाह पेटवला, भक्षक पेशींनी इंटरल्यूकिन-१ बीटा सोडलं, आणि ज्या मोजक्या पेशींत ईजीएफआर आधीच बदललेलं होतं त्या वाढीला लागल्या. ते इंटरल्यूकिन अडवलं तेव्हा गाठी कमी झाल्या.

तेव्हा ‘जागं’ काही होत असेल तर ते दाहामुळे होतं, धुरामुळे होतं, वर्षानुवर्षं चघळलेल्या तंबाखूमुळे होतं. गव्हांकुराच्या अभावामुळे होत असल्याचं कुणी दाखवलेलं नाही. जखमेचाही यात हात असतो. कोंबडीच्या पिलाच्या पंखात राऊस सार्कोमाचा विषाणू टोचला की तिथे गाठ येते. विषाणू रक्तातून इतरत्र पोचतो, तरी गाठ तिथे येत नाही, मुद्दाम जखम केली तर येते, आणि अगदी कोवळ्या भ्रूणात टोचला तर गाठच येत नाही. मीना बिसेल यांच्या प्रयोगशाळेने हे १९८०च्या दशकात दाखवलं. कॅन्सरचं जनुक तेच, परिसर निराळा, निकाल निराळा.

लहान मुलांचं उदाहरण तर थेट माणसातलं आहे. बालवयातल्या ल्युकेमियाच्या एका मोठ्या गटात ईटीव्ही-६ आणि रन्क्स-१ ही दोन जनुकं एकमेकांना चिकटलेली असतात. ब्रिटनमधल्या मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने नवजात बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं, तेव्हा हा जोड शंभरातल्या साधारण एका बाळात मिळाला. त्या बाळांपैकी ल्युकेमिया होतो जेमतेम शंभरातल्या एकाला. बाकीच्या नव्व्याण्णवांना ‘जन्मतःच कॅन्सर होता’ असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

प्रतिकारशक्तीचं प्रकरण वेगळं काढतो, कारण सगळा बाजार त्यावर उभा आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या, अवयवरोपण झालेल्या लोकांत काही कॅन्सर खरंच खूप वाढतात: विषाणूंमुळे होणारे, आणि त्वचेचे. पण स्तनाचा आणि प्रोस्टेटचा वाढत नाही. ‘प्रतिकारशक्ती घसरली की कोणताही कॅन्सर उसळतो’ हे खरं असतं तर तेही वाढले असते. प्रतिकारशक्तीवर आधारलेली खरी औषधं आहेत, ती विशिष्ट गाठींवर चालतात आणि त्यांचे दुष्परिणामही जबर असतात. त्यांचा काढ्याशी संबंध नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटोपतो.

‘आमच्या घराण्यात नाही, मला काय होणार?’ सगळ्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच वारशाने आलेल्या जनुकांमुळे होतात. बाकीचे बहुतेक घराण्यात नसतानाच होतात.

‘सुई लावली की पसरतो.’ या भीतीने लोक बायोप्सी टाळतात आणि गाठ हाताबाहेर गेल्यावर येतात. सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याची उदाहरणं फार विरळ आहेत, आणि जिथे तो धोका मानला जातो तिथे डॉक्टर आधीच वेगळी पद्धत वापरतात.

‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते.’ रक्तातली साखर शरीर घरचीच बनवतं. रोग्याचं वजन तेवढं उतरतं.

‘हा हल्लीचा रोग आहे.’ दक्षिण आफ्रिकेत स्वार्टक्रान्सला सापडलेल्या, सुमारे १७ लाख वर्षांपूर्वीच्या पायाच्या हाडात हाडाचा कॅन्सर आहे.

‘नुसती सुपारी चालते, तंबाखू नको.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीलाही २००४ साली कर्करोगकारक ठरवलंय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, म्हणून मावा आपोआप निर्धोक होत नाही.

‘दोन तृतीयांश कॅन्सर निव्वळ नशिबाने होतात, तेव्हा पथ्य कशाला?’ हा सुशिक्षितांचा गैरसमज, म्हणून जास्त चीड आणणारा. २०१५ साली क्रिस्टियन टोमासेट्टी आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी ३१ ऊतींमधला फरक तपासला. आतड्यात कॅन्सर जास्त आणि हाडात कमी का, या तफावतीचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूळ पेशींच्या विभाजनांच्या संख्येशी जुळतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रांनी त्याचं ‘दोन तृतीयांश रुग्ण नशिबाने’ केलं. अवयवांमधला फरक आणि माणसांमधला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याला जोडूनच एक निराशेचा सूर ऐकू येतो: तीस वर्षं ओढली, आता बदल होऊन बसलेत, सोडून काय उपयोग? यावर मोजणी झालेली आहे. २०२० साली कॅम्पबेल आणि लंडनचे सॅम जेन्स यांच्या गटाने १६ जणांच्या श्वासनलिकेतल्या एकेक पेशी वाढवून त्यांचा डीएनए वाचला. धूम्रपान करणाऱ्यांच्या पेशींत हजारोंनी जादा उत्परिवर्तनं होती, हे अपेक्षितच. पण ज्यांनी सोडलं होतं त्यांच्या अस्तरात २० ते ४० टक्के पेशी जवळपास कधीच न ओढणाऱ्या माणसासारख्या स्वच्छ होत्या, चालू धूम्रपान असणाऱ्यांच्या चौपट प्रमाणात. जुन्या पेशींचा डीएनए दुरुस्त झाला असं कुणी समजू नये. तो होत नाही. कुठेतरी आडोशाला टिकून राहिलेल्या चांगल्या पेशींनी, धूर थांबल्यावर, जागा परत घेतली असावी. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातली अशी मोजणी आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर व्हायला हवी. एका ठिकाणी कॅन्सर झाला की भोवतालचं निरोगी दिसणारं अस्तरही बदललेलं असतं, ही कल्पनाच मुळी १९५३ साली तोंडाच्या कॅन्सरवरून डॅनली स्लॉटर यांनी मांडली होती.

राहिला एक नवा धंदा. ‘एका रक्ततपासणीत कॅन्सरची उत्परिवर्तनं ओळखा’ अशा जाहिराती आता आपल्याकडेही दिसतात. रक्ताच्या मूळ पेशीही वयानुसार बदलतात. २०१४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की सत्तरी ओलांडलेल्या दहातल्या निदान एका माणसाच्या रक्तात डीएनएमटी-३ए, टीईटी-२ अशा जनुकांत बदल झालेली वसाहत असते. त्यांच्यापैकी रक्ताचा कॅन्सर होतो वर्षाला शंभरातल्या अर्ध्या ते एका माणसाला; हृदयविकाराचा धोका मात्र खरोखर वाढतो, तेव्हा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सांभाळणं हे त्यांचं जास्त निकडीचं काम. या पेशी मरतात तेव्हा त्यांचा डीएनए रक्तद्रवात उतरतो आणि गाठीच्या शोधात असलेल्या तपासणीला तोच सापडतो. २०१९ सालच्या एका अभ्यासात कॅन्सर नसलेल्यांच्या रक्तद्रवात मिळालेल्या उत्परिवर्तनांपैकी सुमारे ८० टक्के, आणि कॅन्सर असलेल्यांतलीही निम्म्याहून जास्त, रक्ताच्याच पेशींमधून आलेली दिसली. वसाहत टीपी-५३ बिघडलेल्या पेशींचीही असू शकते. म्हणून असा अहवाल हातात पडला आणि त्यात टीपी-५३ लिहिलेलं असलं, तर प्रयोगशाळेला आधी विचारावं की त्याच माणसाच्या पांढऱ्या पेशींचा डीएनए सोबत तपासला होता का. उत्तर ‘नाही’ आलं, तर ते उत्परिवर्तन कुठल्या पेशीतून आलं हे त्या कागदावरून ठरवता येत नाही.